विहिरीच्या शेताचा दावा

जालना, १८ जुलै १९७३

प्रिय बद्री,

जय भीम. एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवणारा मी जालन्यातला पहिलाच वकील असेन. पोस्टमन हसला तर हसू दे. तू कोर्टाच्या बाररूममध्ये माझ्याकडे पाठ करून बसतोस, रस्त्यात दिसलास तर सायकल दुसऱ्या बोळात घालतोस. मग माणसाने करावं तरी काय?

आधीच सांगतो, दाव्याबद्दल या पत्रात एक अक्षर असणार नाही. तुझी वहिनी तुळजाबाई माझी पक्षकार आहे, तू प्रतिवादी आहेस, आणि प्रतिवादीला परस्पर पत्र लिहिणं वकिलाला शोभत नाही हे तुझ्याइतकं मलाही कळतं. फक्त ती माझ्याकडे आली कशी, तेवढं ऐक. तेवढ्याने काही बिघडत नाही.

कोर्ट उघडलं त्याच आठवड्यात ती सकाळी ओट्यावर येऊन बसली. सोबत टेंभुर्णीचा भाऊ, शिवाजी. मी ओळखलंच नाही तिला. तिचा नवरा, तुझा कडूबादादा, हयात असताना पिंपळगावला पाहिलेली ती बाई वेगळीच होती, आल्या आल्या तांब्याभर पाणी पुढे करून "बसा की, उभे काऊन?" म्हणणारी. मी आपला सवयीने कागद पुढे ओढला आणि म्हणालो, बोला बाई. तिने नवरा गेल्यापासूनचं सगळं सांगितलं. विहिरीचं शेत नवऱ्याने घेतलं, कागद दिराच्या नावाचा आहे, आता दीर म्हणतो शेत माझंच. सगळं सांगून झाल्यावर तिने दिराचं नाव सांगितलं. माझा पेन तिथेच थांबला. मी म्हणालो, बाई, तुम्ही दुसरा वकील बघा.

"बघितले की," ती म्हणाली. "चार दारं फिरून आले. कोन्नीच भाऊजींच्या विरोधात उभं राहायला तयार न्हाई. म्हंतात, आमच्यातलाच वकील हाय तो. मंग म्हनलं, तुमी तं त्याह्यचे मैतर. तुमी आमचं खोटं व्हऊ देनार न्हाई."

आता सांग, मी काय करायला हवं होतं? बारमधल्या माणसाविरुद्ध बारमधल्या माणसाने उभं राहायचं नाही, ही आपली रीत छान आहे, पण मग त्या बाईने जायचं कुठे?

दोन दिवसांनी तू आलास. वहिनी वकिलांची दारं फिरतेय हे तुझ्या कानावर आलं होतं, ती माझ्याकडे आलीय हे नव्हतं. फाईल काखेत मारून, हसत. "तात्या, स्वतःच्या घरच्या भांडणात मला धड बोलता येणार न्हाई, तू बोल माझ्याकडून." मी नाही म्हणालो. का नाही, ते सांगितलं नाही. एकाची हकीकत पोटात घेतली की दुसऱ्याजवळ तिचा वासही येऊ द्यायचा नाही, हे आपल्या गुरूंनी, काझीसाहेबांनी, आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं. तू माझ्याकडे बघत राहिलास आणि चहा न पिता गेलास. मग समन्स मिळालं, त्यावर वादीच्या वकिलाच्या जागी माझं नाव. मला ते स्वतः येऊन सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

उषावहिनींना नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझा,
तातेराव

जालना, २७ जानेवारी १९७४

प्रिय बद्री,

जय भीम. पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी पोस्टमनला दोनदा थांबवलं. त्याला वाटलं मनीऑर्डरची वाट बघतोय.

शिवकन्या या शनिवारीही आली नाही. ती शिकवते त्या शाळेत तपासणी आहे म्हणे. जांब समर्थहून जालन्यापर्यंत येण्यात अर्धा शनिवार जातो आणि परत जाण्यात अख्खा रविवार, त्यामुळे मी तिला फार आग्रह करत नाही. खरं सांगायचं तर मागच्या वेळी आली तेव्हा ती चिडून गेली. मी तिला विचारलं की एस.टी. उशिरा का आली, कुठे थांबली, ड्रायव्हर कोण होता. ती म्हणाली, "मी साक्षीदार न्हाई, तुमची बायको हाय." आणि खरंच, बद्री, मला आता साधं बोलता येत नाही. भाजीवालीला मी विचारतो, ही वांगी आजची आहेत हे तू कशावरून म्हणतेस? घरी बोलायला कुणी नसलं की माणूस बाहेर असा बोलत सुटतो. पूर्वी हे सगळं तुझ्यावर निघायचं आणि तू "बस रे" म्हणून गप्प करायचास.

दुपारी बाररूममध्ये आता मी भिंतीकडच्या बाकावर बसतो. तू उठून दुसऱ्या टेबलावर गेलास म्हणून मी तुला दोष देत नाही. तू गेला नसतास तर मलाच जावं लागलं असतं. कोर्टातल्या पहिल्या पेशीला शिवाजीने मला बाजूला घेऊन विचारलंच होतं, "साहेब, तुमी दोघं एका डब्यात जेवता म्हनं. मंग आमचं काय खरं हाय?" खेड्यातल्या माणसाला कसं समजावायचं की वकील कोर्टात एकमेकांची सालटी काढतात आणि खाली येऊन एकमेकांची तंबाखू मळतात? त्याला ते नाटक वाटतं. मी त्याला म्हणालो, आता नाही जेवत. तो खूश झाला.

तुला आपला पहिला डबा आठवतो? काझीसाहेबांच्या हाताखाली आपण नवे नवे, आणि बाररूममधली म्हातारी मंडळी माझ्यासाठी बाकावर जागा करायची ती जरा जास्तच ऐसपैस. कुणी काही बोलत नव्हतं, नुसतं सरकायचं. तू त्या मोकळ्या जागेत येऊन बसलास, डबा मधे उघडलास आणि म्हणालास, "तात्या, वहिनीनं ठेचा लई तिखट केलाय, एकट्याला झेपायचा न्हाई." दुसऱ्या दिवसापासून दोन भाकरी जास्तीच्या यायला लागल्या. तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं, डबा तुळजाबाई बांधून द्यायची आणि कडूबादादा गावाकडून येणाऱ्या एस.टी.त ठेवायचा. म्हणजे बघ, मी तिच्या हातचं तेव्हापासून खातोय.

तेव्हाच कधीतरी जेवता जेवता तू म्हणाला होतास. मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. "विहिरीचं शेत दादाचंच हाय रे. दादाला कागदाची भीती, कोर्टकचेरी म्हनलं की घाम फुटतो त्याला. म्हनून नाव माझं टाकलं." एकदा नाही, पुष्कळदा म्हणालास. अभिमानाने म्हणायचास, दादा आपल्यावर किती विसंबतो म्हणून.

आणि आता दाव्याला उत्तर म्हणून दिलेली तुझी कैफियत माझ्या टेबलावर आहे. शेत स्वकष्टार्जित. मला माहीत आहे तू तसं का लिहिलंस. शेत तुळजाबाईच्या नावावर झालं की शिवाजी ते दोन वर्षांत गिळेल, आणि तुझ्या पुतणीच्या, बेबीनंदाच्या, लग्नाला काही उरणार नाही, ही तुझी भीती आहे. ती भीती खोटी नाही. पण तिला तसं सांगायचं, बद्री. पोरीचा चुलता म्हणून सांगायचं. मालक म्हणून नाही.

तुझी साक्ष होईल त्या दिवसाचा मी विचार करत नाही. म्हणजे रोज करतो.

तुझा,
तातेराव

जालना, १९ नोव्हेंबर १९७५

प्रिय बद्री,

आज तुझी साक्ष झाली. घरी आलो, कोट काढला आणि सरळ लिहायला बसलो.

मी माझं काम केलं. हे आधी लिहून ठेवतो. माझ्या जागी तू असतास तर तूही हेच केलं असतंस.

तुझा सरतपास, तुझ्याच वकिलाने घेतलेला, स्वच्छ झाला. खरेदीखत तुझ्या नावाचं, शेतसाऱ्याच्या पावत्या तुझ्या नावाच्या. तुळजाबाईकडे काय आहे? तिचं तोंड आणि दोन शेजारी, त्यातला एक बहिरा. तू पिंजऱ्यात ताठ उभा होतास, आणि मी तुला "आपण" म्हणून प्रश्न विचारत होतो. विहीर कुणी खणली? भावाने. मजूर कुणी लावले? भावाने. बैल कुणाचे? घरचे. तू सगळं नीट, मोजकं सांगत होतास. पक्षकारांना आपण शिकवतो तसं, विचारलं तेवढंच. मनातल्या मनात मी तुला शाबासकी देत होतो, काय सांगू.

मुन्सफसाहेबांनी विचारलं, आणखी काही? मी "नाही" म्हणून बसायला हवं होतं. काझीसाहेब असते तर त्यांनी कोट धरून मला खाली बसवलं असतं. आठवतं का, ते म्हणायचे, "जवाब मालूम नसंल तो सवाल बिलकुल पूछायचा न्हाई, समझे?" पण तुळजाबाई मागच्या बाकावर बसली होती आणि माझ्या पाठीकडे बघत होती. मला ते न वळता जाणवत होतं.

म्हणून विचारलं. "विहिरीचं शेत भावाचं आहे, नाव फक्त आपलं आहे, असं आपण कधी कुणाजवळ बोलला होता का?"

तुझा वकील हरकत घ्यायलाही उठला नाही. नेहमीचा प्रश्न, नेहमीचं उत्तर, असं त्याला वाटलं असणार. तू माझ्याकडे बघितलंस. सरळ. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बोललो होतो," तू म्हणालास.

मुन्सफसाहेबांनी मान वर केली. "कोणाजवळ?"

"या वकीलसाहेबांजवळच. पुष्कळदा."

मागे कुणीतरी हसलं. मुन्सफसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. मी खाली बसलो.  तू खाली उतरलास, माठातलं पाणी प्यायलास, पेला पालथा घातलास आणि गेलास. बाररूममध्ये सगळे माझ्याभोवती जमले. "क्या बात है, तातेराव, एकाच सवालात काम तमाम." एकाने चहा मागवला. मी तो प्यायलो. नाही कसं म्हणणार?

तू "नाही" म्हणाला असतास तर मी काय करू शकत होतो? काहीच नाही. त्या बोलण्याला तिसरा माणूस नव्हता. मी स्वतः साक्षीला उभा राहू शकत नव्हतो, कारण तुळजाबाईचा वकालतनामा माझ्या नावाचा. एक "नाही" म्हणालास की शेत तुझं, आणि हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. मग का बोललास?

मी माझं काम केलं, बद्री.

तातेराव

जालना, ७ मार्च १९७६

प्रिय बद्री,

जय भीम. निकाल लागला. तुला नक्कल मिळाली असेल. तू अपील करणार नाहीस हे मला तुझ्या वकिलाकडून कळलं. तो वैतागला होता, म्हणाला की असला प्रतिवादी मी आयुष्यात बघितला नाही.

तुळजाबाई मागच्या आठवड्यात पेढे घेऊन आली. भाऊ सोबत नव्हता. मी म्हणालो, बाई, आता शेत संभाळा, भावाच्या सांगण्यावरून कुठे अंगठा देऊ नका. तर ती म्हणाली, "त्याला म्या येऊच देऊन न्हाई राह्यले. निकाल लागला तव्हा भाऊजी घरी आल्ते. म्हन्ले, वहिनी, शेत तुमचंच व्हतं, मला तुमच्या भावाची भीती वाटली म्हनून म्या तसं लिहिलं, चुकलं माझं. म्या म्हनलं, मंग आधीच काऊन न्हाई बोल्ले? आन् दोघंबी रडलो. आता शेत भाऊजीच बघून राह्यले. म्याच म्हनलं, तुमीच बघा."

मी पेढा हातात धरून ऐकत होतो. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी असं वाटलं की तुम्ही सगळे एका घरात गेलात आणि दार लागलं, आणि मी ओट्यावर राहिलो. तिने जाताना विचारलं, "तुमची आन् भाऊजींची बोलचाल झाली का?" मी म्हणालो, होईल.

नंतर कळलं की तू जालन्यातलं घर सोडतोयस, वकिली बंद करून पिंपळगावला राहायला जातोयस. मी धावत गेलो. तू नव्हतास. उषावहिनी भांडी पोत्यात भरत होत्या. मी दोन पोत्यांची तोंडं बांधून दिली.  म्हणालो, वहिनी, शेत गेल्याचा एवढा राग त्याला धरायला नको होता.

त्यांनी हातातली परात खाली ठेवली. "शेतासाठी रागावले असं वाटतं व्हय तुमाला, तातेरावभाऊ? त्या दिवशी घरी आले आन् भिंतीला टेकून बसले. म्हन्ले, उषा, तात्या माझ्या तोंडाकडं बघून राह्यल्ता. तोंडानं सवाल विचारत व्हता आन् डोळ्यानं म्हनत व्हता, न्हाई म्हन, न्हाई म्हन. म्हन्ले, त्याला पक्कं वाटत व्हतं, म्या खोटं बोलीन. इतक्या वर्सांत त्यानं मला हेच वळखलं का?"

 घरी आलो. तेव्हापासून हे पत्र मनात लिहितोय.

खरं आहे, बद्री. मागच्या पत्रात मी तुळजाबाईच्या नजरेचं लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मला खात्री होती की तू "नाही" म्हणशील. प्रश्न विचारला म्हणजे तुळजाबाईसमोर मी मोकळा. तू "नाही" म्हणालास म्हणजे शेत तुझ्याकडे, आणि तू माझ्याकडे. दाव्यानंतर महिना-दोन महिन्यांनी तू परत समोर येऊन बसशील, असं मी मनात मांडून ठेवलं होतं. दोन्हीकडे चांगलं राहायची मी सोय करून ठेवली होती. त्यासाठी तुझं एक खोटं मला लागत होतं, आणि ते तू सहज देशील असं मी धरून चाललो.

तू म्हणशील, माझी कैफियत तरी कुठे खरी होती? नव्हतीच. पण कागदावर आपण वकील काय वाटेल ते लिहितो, त्याचं आपल्याला काही वाटेनासं झालंय. माझ्या तोंडावर मात्र तुला ते बोलता आलं नाही. हे मला ओळखता यायला हवं होतं. रोज साक्षीदारांची तोंडं वाचून पोट भरतो मी, आणि तुझंच तोंड वाचता आलं नाही.

माफी मागतो. वकिली भाषेत नाही, साधीच.

तुझा,
तातेराव

जालना, २३ मे १९७६

प्रिय बद्री,

बेबीनंदाच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिच्यावर तुझं अक्षर बघून मी दोनदा चष्मा पुसला. शिवकन्याला सुट्टी होती, ती म्हणाली, चला, मीही येते. भोकरदनहून पुढे एस.टी.त जागा नव्हती. शिवकन्या पत्र्याच्या पेटीवर बसली आणि मी उभा, पण माझी काही तक्रार नव्हती. वाटेत मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. तिने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

तू मांडवाच्या तोंडाशीच उभा होतास. पिवळा फेटा, उन्हाने रापलेला, वकिलाची काही खूण राहिली नाही अंगावर. मला वाटलं तू तोंड फिरवशील. त्याची मी तयारी करून आलो होतो. तू दोन्ही हात जोडलेस. "या वकीलसाहेब, या. येताना त्रास तं न्हाई झाला?" खुर्ची दिलीस. लोखंडी, पुढच्या रांगेतली. सरबत पाठवलंस. येऊन विचारून गेलास, मुन्सफसाहेब बदलले का, यंदा सरकी कशी आहे जालन्यात. पाहुणे मंडळींना सांगितलंस, "हे जालन्याचे नामांकित वकील." मी म्हणालो, बद्री, जरा बाजूला येतोस? तू म्हणालास, "जेवनं व्हऊ द्या, मंग निवांत बसू." जेवणं झाली, आणि तू वऱ्हाडाच्या गाडीला बैल जुंपायला गेलास.

त्याआधी कन्यादान तू आणि उषावहिनींनी केलंत. तुळजाबाई मागे उभी राहून डोळे पुसत होती आणि तुझ्या खांद्यावरचं उपरणं सारखं करत होती. ते बघून मला भरून आलं. माझ्या हातून एवढं तरी झालं, असंही वाटलं.

मग मानपान सुरू झाला. नावं पुकारत होते. व्याही, सोयरे, सरपंच, गुरुजी. त्यांच्यात माझंही नाव आलं. मी उठलो. तू माझ्या खांद्यावर दस्ती, मानाचा रुमाल, टाकलीस, डोक्यावर नवी टोपी ठेवलीस, हातात नारळ दिलास, हळदीकुंकवाचं बोट लावलंस आणि पुन्हा हात जोडलेस. तुझ्या तोंडावर राग नव्हता. मी नीट बघितलं. या वेळी मला तोंड बरोबर वाचता आलं. काहीच नव्हतं तिथे, परक्या माणसाचं आपल्याकडून काही उणं राहू नये, एवढी काळजी फक्त. मागे सरपंचाचा चुलतभाऊ रांगेत उभा होता. तू मला हाताने पुढे सरकवलंस.

परत येताना शिवकन्या म्हणाली, "किती मान दिला त्याह्यनी तुमाला." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढून पिशवीत ठेवली.

तीन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, ते मी सोसलं. पाठ करून बसायचास तेव्हा वाटायचं, एवढा रागावलाय म्हणजे माझं काहीतरी आहे त्याच्यापाशी. आता तू बोलतोस आणि ते मला सोसत नाही. माफी केलीस की नाही ते मी विचारत नाही. असल्या मानातून येणारी माफी मला नकोच आहे.

कोर्ट जूनमध्ये उघडेल. त्याआधी एकदा जालन्याला ये. बाजाराला म्हणून ये, बैलाचे नाल घ्यायला म्हणून ये. माझ्या ओट्यावर चढ आणि चार लोकांसमोर मला विचार की, अरे तात्या, तुला लाज कशी वाटली नाही? मी एकही उलटा प्रश्न विचारणार नाही. पण ये, बद्री, आणि माझ्याशी भांड.

तातेराव